एकाच गलबतातून उतरलेले शब्द

१५४८ सालच्या मार्च महिन्यात गोव्याच्या धक्क्यावर तीन जपानी माणसं उतरली. त्यांतला म्होरक्या अंजिरो. कागोशिमाचा राहणारा. हातून खून झाला, म्हणून पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या गलबतावर चढून पळाला, तो मलाक्क्याला पोचला. तिथे त्याची गाठ जेझुइट संघाचा पाद्री फ्रान्सिस झेवियर याच्याशी पडली आणि झेवियरने त्याला गोव्याला पाठवलं. सेंट पॉल कॉलेजात त्याची सोय झाली. मे महिन्यात बिशपच्या हातून बाप्तिस्मा झाला आणि अंजिरोचा पाउलो द सांता फे झाला. वर्षभरात तो पोर्तुगीज लिहू-बोलू लागला. जपानच्या माणसाने युरोपची भाषा रीतसर बसून शिकण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग, आणि तो घडला मांडवीच्या काठी.

नारायण पेठेत राहणाऱ्याने जपानी भाषेतल्या परक्या शब्दांवर लिहावं, हा पेठेच्या रिवाजाप्रमाणे आगाऊपणाच. पण या गोष्टीत गोवा आहे, वसई आहे, आणि पुढे आमच्या पेठेतलं केसरीचं कार्यालयही आहे. तेव्हा एवढा हक्क आम्हाला असावा.

१५ एप्रिल १५४९ रोजी झेवियर गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला अंजिरोसह कागोशिमाला पोचला. पहिली अडचण देवाच्या नावाची. अंजिरो काही शास्त्री नव्हता. त्याने आपल्या समजुतीने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. दाइनिची म्हणजे शिंगोन पंथाचा महावैरोचन बुद्ध. झेवियर दोनेक वर्षं दाइनिचीला भजा म्हणून सांगत फिरला, आणि शिंगोनचे भिक्षू हा पाहुणा आपल्यातलाच म्हणून खूश झाले. त्यांची खुशी पाहून झेवियरच्या मनात पाल चुकचुकली. चौकशी केल्यावर उलगडा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून उपदेश उलटा फिरला: दाइनिचीला भजू नका, ‘देउसु’ला भजा. देउसु म्हणजे पोर्तुगीज ‘देउस’. १५५५ मध्ये बाल्ताझार गागो या पाद्र्याने पन्नासहून अधिक बौद्ध शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द बसवले. भाषांतर दगा देतं, म्हणून मूळ शब्दच उचला, असा हा विचार.

त्याच संघाचा दुसरा पाद्री गोव्यात नेमका उलटा चालला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या घरात ओव्यांचं क्रिस्तपुराण त्याने रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे पाडलेले नव्हते. त्या पुराणात येशूच्या गोष्टीला वैकुंठही चालतं. जपानात दाइनिचीने हात पोळलेला संघ गोव्यात वैकुंठाला का भ्याला नाही, याचं माझं उत्तर असं की इथे पाठीशी पोर्तुगीज राज्य होतं. जपानात पाद्री पाहुणे होते. शब्दाचा अर्थ कोण ठरवणार हे तिथे भिक्षूंच्या हातात होतं, इथे फिरंग्यांच्या.

या दोन्ही किनाऱ्यांचं नातं नुसतं पाद्र्यांचं नव्हतं. १५८२ मध्ये नागासाकीहून चार जपानी मुलं रोमला निघाली. जाताना गोवा, येताना गोवा. परतीच्या वाटेवर जून १५८७ मध्ये त्यांतल्या हारा मार्तिन्यो या मुलाने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापलं गेलं. छापणारा कोन्स्तांतीनो दोरादोही जपानीच. म्हणजे क्रिस्तपुराणाच्या अठ्ठावीस वर्षं आधी गोव्यात एका जपान्याने खिळे जुळवलेले आहेत. मुद्रणाच्या मराठी इतिहासात या माणसाला एखादी ओळ मिळायला हरकत नाही. मुलांनी युरोपातून आणलेलं छापयंत्र १५९० मध्ये नागासाकीला उतरलं आणि १६०३-०४ मध्ये त्याच संघाने तिथे सुमारे बत्तीस हजार शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला.

हाराने गोव्यात भाषण केलं त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, जुलै १५८७ मध्ये, तिकडे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाला जपानी इतिहासात ‘बातेरेन’ हाकलण्याचा हुकूम म्हणतात. बातेरेन म्हणजे ‘पाद्रे’, आपला पाद्री. ज्याला हाकलायचं त्याचं नावसुद्धा त्याच्याच भाषेतून घेतलेलं!

इथे कानाचा एक खेळ पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीजात पुष्कळ शब्दांचा शेवट नाकातून निघणाऱ्या ‘आंव’सारख्या आवाजाने होतो. ब्रेडला ते जे म्हणतात त्याचा उच्चार ‘पांव’च्या जवळ जातो. मराठी माणसाने त्यातला शेवटचा ‘व’ धरला, जपानी माणसाने नाकातला ‘न’ धरला. आपला पाव झाला, त्यांचा ‘पान’. एकदा ही किल्ली हाती आली की बाकीची कुलपं भराभर उघडतात. ख्रिस्ती माणूस कोकणीत ‘किरिस्तांव’, जपानीत ‘किरिशितान’. सदऱ्याची गुंडी कोकणीत ‘बुतांव’, जपानीत ‘बोतान’. जाहीर बोली लावून विकणं, पोर्तुगीज ‘लेइलांव’, तो आपल्याकडे आला लिलाव म्हणून, आणि त्याच्याही मागे अरबी शब्द आहे असं कोशकार सांगतात. जपानी ‘कापितान’ याच घराण्यातला. त्याच्याकडे पुढे येऊ.

पावाबद्दल पुण्यात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, की कणीक पायाने तुडवतात म्हणून तो पाव. ती सोवळ्याच्या घरांतून निघालेली असावी. वसईकडे तर विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कहाण्या आहेत. शब्दाभोवती एवढा संशय असूनही पाव टिकला, आणि आज तो मिसळीच्या बशीत नसला तर गिऱ्हाईक उठून जाईल. जपानात पानाला असा विरोध झाला नाही, पण भात खाणाऱ्या देशात तो भाकरीच्या मानाला कधी गेलाही नाही. कित्येक शतकं ती परक्याच्या ताटातली वस्तू राहिली.

तंबाखू तिथेही ‘ताबाको’. साबण तिथे ‘शाबोन’. आपला साबण पोर्तुगीज की अरबी, यावर मात्र वाद आहे, कारण अरबी ‘साबून’ आपल्या दारात आधीच उभा होता. पोर्तुगीज झगा ‘कापा’, त्याचा जपानीत ‘काप्पा’ झाला आणि अर्थ झाला पावसाळी डगला. काचेचा ‘बिदोरो’, पत्त्यांचा ‘कारुता’, साखरेच्या खड्यांचा ‘कोंपेइतो’, नागासाकीचा प्रसिद्ध केक ‘कासुतेरा’. तेंपुराचंही मूळ पोर्तुगीजच म्हणतात, फक्त नेमका कोणता शब्द यावर एकमत नाही.

बटाट्याची गंमत वेगळी. ‘बटाटा’ हे नाव पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलं, पण मुळात रताळ्यासाठी. आपल्याकडे ते नाव दुसऱ्याच कंदाला चिकटलं आणि रताळ्याला जुनं नाव राहिलं. जपानात हा कंद डच गलबतांबरोबर जकार्त्याहून आला. त्या काळी जपानी लोक जकार्त्याला जागातारा म्हणत, म्हणून त्याचं नाव पडलं ‘जागातारा-इमो’, जकार्त्याचा कंद. आजचं ‘जागाइमो’ ते हेच. असाच तिथला भोपळा, ‘काबोचा’, त्याच्या नावात कंबोडिया लपलेला आहे. भाजीपाल्याच्या नावांत आपण कुणाच्या जहाजावर अवलंबून होतो ते बरोबर उमटतं. काजू आणि अननस ही तर ब्राझीलमधल्या आदिवासींची नावं. पोर्तुगीजांनी फक्त हमाली केली. हापूसमध्ये मात्र ‘अफोन्सो’ हे अस्सल पोर्तुगीज नाव दडलेलं आहे, आणि कोकणी माणसापुढे तो आंबा परका म्हणण्याचं धाडस कुणी करू नये.

आता पुण्याकडे. हे शब्द घाट चढून आले ते गोव्यातून कमी आणि वसई-चौलकडून जास्त, असं मला वाटतं. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, ती १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली. नारायण पेठेतून नदीच्या काठाकाठाने ओंकारेश्वराकडे गेलं की अप्पांची समाधी लागते. वसईचा विजय म्हटला की लोकांना पेशव्यांनी आणलेल्या चर्चच्या घंटा आठवतात, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर नक्कीच. घंटा मोजता येतात. दोनशे वर्षांच्या शेजारात कोकणातल्या सुतार-गवंड्यांच्या, खलाशांच्या, शिपायांच्या तोंडी बसलेले शब्द कुणी मोजून आणले नाहीत, पण आले तेही. काडतूस, पिस्तूल. बिजागरी, चावी, पिंप, बादली, फीत. मेस्त्री, घमेलं, इस्त्री. तुरुंग आणि पगार.

यांतल्या कित्येकांनी वाटेत अंग बदललं. पोर्तुगीजांचा ‘मेस्त्रे’ म्हणजे गुरू, उस्ताद. आपला मेस्त्री ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा. ‘गामेला’ ही लाकडी काठवट. आपलं घमेलं लोखंडी आणि डोक्यावर. ‘प्रातो’ ही जेवायची ताटली. आपल्या परातीत दहा माणसांची कणीक मळून होते. ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचं खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. त्याचा तुरुंग झाला. ‘पागार’ हे तर चक्क क्रियापद, पैसे चुकते करणे. त्याचं आपण नाम केलं, आणि महिन्याच्या शेवटी त्याची वाट पाहू लागलो.

जपानात दरम्यान दारं मिटत चालली होती. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, १६३९ मध्ये पोर्तुगीज गलबतांवर. १६४० मध्ये मकावहून बोलणी करायला वकिलांचं गलबत आलं, तर त्यावरच्या एकसष्ट माणसांची डोकी मारली. सगळ्या युरोपातून एकट्या डचांना परवानगी राहिली, आणि तीही १६४१ पासून नागासाकीच्या बंदरात भराव घालून केलेल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटापुरती. आता पाहा: या डच वखारीच्या मुख्याला जपानी लोक काय म्हणायचे? ‘कापितान’. पोर्तुगीज माणूस दिसला तर मरणाची शिक्षा, आणि त्याचा शब्द मात्र त्याच्या वैऱ्याच्या डोक्यावर पगडीसारखा बसवलेला. लपून राहिलेल्या ख्रिस्ती खेड्यांत ‘ओराशो’ म्हणजे प्रार्थना तोंडी चालत राहिल्या. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी फ्रेंच पाद्र्यापुढे प्रकट झाले, तेव्हा अडीचशे वर्षं घासून घासून अर्थ झिजलेले ते लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द अजून जिभेवर होते.

गोव्यात बंदी उलट्या बाजूने आली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. लोकांनी काय केलं ते आज गोव्यात कुठल्याही तिंठ्यावर उभं राहून ऐकता येतं.

डचांच्या त्या बेटावरून पुढची सव्वादोनशे वर्षं शब्द ठिबकत राहिले. बिअर ‘बिइरु’, कॉफी ‘कोओही’, काच ‘गारासु’, रबर ‘गोमु’. शाळकरी पोरांच्या पाठीवरचं कडक चामड्याचं दप्तर, ‘रांदोसेरु’, हेही डच लष्करी पिशवीचं नाव. यातला एक प्रसंग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे.

१७७१ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेंपाकु आणि त्याचे वैद्य मित्र देहदंड झालेल्या एका बाईच्या प्रेताचं विच्छेदन पाहायला गेले. हातात शरीररचनेचं एक डच पुस्तक. आतले अवयव जुन्या चिनी ग्रंथांशी जुळेनात, पुस्तकातल्या चित्रांशी तंतोतंत जुळले. परत येताना वाटेतच ठरलं, हे पुस्तक भाषांतरित करायचं. धड कोश हाताशी नव्हता. एकेका ओळीवर दिवस जात. १७७४ मध्ये ते ‘काइताइ शिन्शो’ या नावाने निघालं. डच पुस्तकात जे शब्द होते त्यांना जपानीत काही नव्हतं, म्हणून त्यांनी चिनी अक्षरांतून नवे घडवले. ‘शिनकेइ’, मज्जातंतू, हा त्यांतला. तो आजही चालतो. पण त्याच विद्येबरोबर आलेल्या शस्त्रक्रियेच्या सुरीला ‘मेसु’ म्हणतात, आणि ‘मेस’ हा साधा डच शब्द आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची मेख इथे आहे. मज्जातंतू हा ग्रंथातला पदार्थ, त्याला ग्रंथकारांनी बसून नाव दिलं. सुरी हातात आली ती नावासकट आली. देणाऱ्याने म्हटलं ‘मेस’, घेणाऱ्याने म्हटलं ‘मेसु’, आणि कोश काढायला सवड कुणालाच नव्हती.

एकोणिसाव्या शतकात जपानने वैद्यक जर्मनांकडून घेतलं, म्हणून तिथे रोग्याचा कागद अजून ‘कारुते’ आहे. फावल्या वेळातल्या नोकरीला ‘आरुबाइतो’ म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ नुसतं काम. विजारीला ‘झुबोन’, जो फ्रेंच परकरावरून आला असावा. प्रश्नावलीला ‘आंकेएतो’ फ्रेंचांकडून, मासळीच्या तांबड्या अंड्यांना ‘इकुरा’ रशियनांकडून. नंतर इंग्रजीचा लोंढा आला तो निराळा विषय.

हे सारे धागे एकत्र ओढणारा माणूस मात्र आपल्याकडचा. बारदेशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेले सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद. पेशाने पाद्री. सिलोन, बंगाल अशा ठिकाणी चर्चची कामं केली, जिथे गेले तिथली भाषा शिकले. १८९३ मध्ये त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश मुंबईला छापला गेला. पुढे लिस्बनला संस्कृत शिकवत राहिले. १९१३ मध्ये त्यांनी पोर्तुगीज शब्दांनी आशियाई भाषांवर काय परिणाम केला याचा ग्रंथ काढला. मांडणी साधी. एक पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि कोकणी, मराठी, गुजराती, बंगाली, सिंहली, मलय करत करत जपानीपर्यंत तो कुठे कुठे गेला ते मांडायचं. पन्नासएक भाषा! शेवटच्या वर्षांत दोन्ही पाय गेले, तरी खुर्चीत बसून शब्दांच्या मागे जगभर फिरत राहिले. १९२२ मध्ये लिस्बनलाच वारले. मराठीत त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि ही आपल्या भाषाभिमानातली मोठी गळती आहे. त्यांच्या या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर बडोद्याचे प्राध्यापक सोआरेश यांनी केलं, आणि ते १९३६ मध्ये गायकवाड सरकारच्या प्राच्य ग्रंथमालेत निघालं.

गायकवाडांचा संबंध आमच्या पेठेशीही. ५६८ नारायण पेठ, म्हणजे आजचा केसरीवाडा, तो मुळात गायकवाड वाडा. १९०५ मध्ये टिळकांनी तो बडोदेकरांकडून घेतला. त्या सुमाराला पुण्यात जपानचं मोठं कौतुक होतं. जपानने रशियाला चारी मुंड्या चीत केलं होतं आणि केसरीत त्याची चर्चा चाले. दहा वर्षांनी महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली, आणि तिच्यातून स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना उभी राहिली. १९१६ मध्ये ते सुरूही झालं. स्वाभिमानी राष्ट्र कसं असावं, तर जपानसारखं, असं बोललं जाई. त्या स्वाभिमानी राष्ट्राच्या बोलण्यात पानापासून गारासुपर्यंत किती फिरंगी माल भरला आहे, याची पुण्यात कुणाला कल्पना असेल असं वाटत नाही.

कारण १९२० च्या दशकाच्या मध्याला याच केसरीत सावरकरांनी भाषाशुद्धीचा विषय पेटवला. ते रत्नागिरीला स्थानबद्ध होते, लेख नारायण पेठेत छापले जात. रोख मुख्यतः अरबी-फारसी शब्दांवर, आणि जोडीला इंग्रजीवर. वाद जोरदार झाला. फारसीचे प्राध्यापक आणि कवी माधव जूलियन, ज्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये निघाला, ते आधी विरोधात होते, आणि मग असे फिरले की १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मोकळे झाले. फारसीच्या पंडिताने फारसी शब्दांविरुद्ध लिहावं, ही पुण्याच्या वादांतली एक अव्वल कलाटणी.

सावरकरांच्या नियमात एक मुभा होती. जी वस्तूच परकी, तिचं परकं नाव घ्यायला हरकत नाही. म्हणजे बटाटा सुटला, पाव सुटला. पण पगार ही काही पोर्तुगालची वस्तू नव्हे. चावी नव्हे. तुरुंग तर मुळीच नव्हे, त्याचा अनुभव आपल्याला स्वतंत्रपणे होता. तरी या शब्दांवर म्हणावा तसा गहजब झाला नाही. ते दिसतच नव्हते. फारसी शब्द ओळखू येई, कारण दरबाराची आणि मोडी दफ्तराची आठवण ताजी होती. इंग्रजी शब्द साहेबाबरोबर समोरच उभा. पोर्तुगीज शब्द गवंड्याच्या पाटीतून आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दाराने आला होता, आणि त्या दाराला शुद्धीचा पहारा नसतो. छापखान्यातल्या जुळाऱ्याला भाषाशुद्धीचा लेख जुळवल्याचा मोबदला मिळाला तो पगार म्हणूनच.

सावरकरांना अपयश आलं असं मात्र मी म्हणणार नाही. दिनांक, क्रमांक, महापौर, अर्थसंकल्प, चित्रपट, मध्यंतर हे शब्द आज इतके रुळले आहेत की त्यांना कधी घडवावं लागलं हेच पोरांना खरं वाटत नाही. हे सगळे शब्द फलकावरचे, तिकिटावरचे, नगरपालिकेच्या ठरावातले. तिथे नाव ठरवणारा एक अधिकारी असतो, तो म्हणेल ते छापलं जातं. ‘वेतन’ वेतन आयोगात जिंकलं, घरात पगारच येतो. येरवड्याच्या दारावर ‘मध्यवर्ती कारागृह’ लिहिलेलं आहे, आणि आत गेलेला माणूस तुरुंगात गेला असंच शेजारी म्हणतात.

जपानने हाच प्रयोग दुसऱ्या महायुद्धात जास्त कडकपणे केला. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. ‘गोल्डन बॅट’ सिगरेटचं नाव १९४० मध्ये बदलून ‘किन्शि’ केलं. बेसबॉलच्या मैदानात ‘स्ट्राइक’ म्हणायची सोय राहिली नाही. पंच ‘योशि’ असं काहीतरी ओरडू लागला. सिगरेटच्या पाकिटावरचं नाव बदललं, पण आत भरला होता तो ताबाकोच. त्याला शत्रू म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, तीनशे-साडेतीनशे वर्षांत तो घरचा झाला होता. युद्ध संपलं, मैदानात स्ट्राइक परतला, पाकिटावर गोल्डन बॅटही.

दोन्हीकडच्या नव्या शब्दांतही जुळी भावंडं सापडतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाणी नारायण पेठेत शिरलं, मातीचे वाडे बसले. नंतर जे उभं राहिलं त्यातल्या तीन खोल्यांच्या जागेला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणू लागलो, जो अर्थ त्या शब्दाला विलायतेत नाही. जपानी माणसाने त्याच काळात फ्लॅटला ‘मांशोन’ म्हटलं. इंग्रजीत मॅन्शन म्हणजे हवेली. आपण निदान ऐपतीला धरून बोललो. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात १९५८ मध्ये हवं तितकं वाढून घ्यायची जेवणाची पद्धत सुरू झाली, तिचं नाव ठेवलं ‘बाइकिंगु’, म्हणजे व्हायकिंग, आणि सगळ्या देशात तेच नाव पडलं. आजचं पुणं जपानी शिकणाऱ्या पोरांचं मोठं केंद्र आहे. त्या वर्गांत या यादीतले शब्द पाठ करावे लागतात, आणि मराठी मुलाला ‘पान’ म्हणजे विड्याचं नव्हे, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

व्यवहार एकतर्फी राहिला असंही नाही. १८७० च्या आसपास जपानात माणसाने ओढायची दोन चाकांची गाडी निघाली. तिचं नाव ‘जिनरिकिशा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे जोर, शा म्हणजे गाडी. दहाएक वर्षांत ती सिमल्याला पोचली. इंग्रजांनी नाव तोडलं तेव्हा पुढचा ‘जिन’ गळून पडला. गाडीतला माणूस नावातून गेला, ओढायला मात्र राहिला. मराठीत शब्द आला तो रिक्षा होऊन. मग इंजिन बसलं, ओढणाराही गेला, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून या गाड्या इतक्या निघाल्या की पुण्याच्या रस्त्यावर दुसरं काही दिसेना. नारायण पेठेत दिवसाकाठी सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा जपानी शब्द हाच असणार, आणि तोही बहुधा नकार ऐकण्यासाठी.